दऱ्यांचा दर्या कसा झाला?

मी कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझा संबंध टंकलेखनापुरता. तरीही आज मी संगणकाच्या पोटातल्या एका व्यवहाराबद्दल बोलणार आहे. त्याला कारण माझ्याच एका कवितेला झालेला अपघात.

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात माझी कविता आली होती. जरंडेश्वराच्या डोंगरावर उभे राहिले की खाली ज्या दऱ्या दिसतात, त्यांच्यावर ती होती. छापील अंकात ती जशीच्या तशी उतरली. पण त्या अंकाचे मोबाईलवर वाचायचे ॲपही निघाले होते. तिथे 'दऱ्या' या शब्दाचा 'दर्या' होऊन बसला. दोन दिवसांनी एका वाचकाचा फोन आला. म्हणाले, "सर, कविता आवडली. पण आपल्या कोरेगाव तालुक्यात समुद्र कुठून आला?"

मी हसलो खरा, पण मनाला लागले. आपल्या मराठीत र पुढच्या व्यंजनाला दोन प्रकारांनी जोडला जातो. एक डोक्यावर बसणारा रफार, 'सूर्य' किंवा 'आचार्य' या शब्दांतला. दुसरा आडव्या चंद्रकोरीसारखा, 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'गुऱ्हाळ' या शब्दांतला. इंग्रजीत याला 'पापणीचा र' असे गमतीचे नाव आहे. हा र हिंदीत लागत नाही. आपल्याला मात्र पावलोपावली लागतो. 'साताऱ्याला' जायचे म्हटले तरी लागतो. 'लिहिणाऱ्या' माणसाचा 'लिहिणार्या' झाला तर वाचक सावरून घेतो. पण आचाऱ्यांना बोलावले आणि आचार्यांना बोलावले यात जेवणावळीपासून व्याख्यानापर्यंतचे अंतर पडते. दऱ्या आणि दर्या यांतही तसेच.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करते. ते ॲप ज्या कंपनीने बनवले, तिथेच ती होती हा योगायोग. मी तिला फोन लावला. म्हटले, "अगं, तुमच्या यंत्राने माझ्या डोंगरात पाणी भरले." तिने दोन दिवस शोध घेतला आणि रविवारी कोरेगावला आली. म्हणाली, "मामू, तुमचा शब्द आमच्यापैकी कोणीच बिघडवला नाही. आम्ही त्या ओळीला हातसुद्धा लावला नव्हता." मग बिघडला कसा? त्या दुपारी तिने मला जे समजावले, ते मला समजले तसे सांगतो.

संगणकाचा कोणताही प्रोग्रॅम हल्ली कोणी एकटा पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहीत नाही. अक्षरे पडद्यावर काढणे, तारखा मोजणे, चित्र लहान करणे, फाईल दाबून बसवणे ही कामे सगळ्यांनाच लागतात. ती कोणीतरी एकदा नीट करून ठेवतो आणि बाकीचे वापरतात. अशा तयार कामाच्या संचाला 'लायब्ररी' म्हणतात. अनेक प्रोग्रॅम मिळून एकच संच वापरत असतील, तर ती 'सामायिक लायब्ररी'.

मला आपली पिठाची गिरणी आठवली. पूर्वी घरोघरी जाते होते. दळणाऱ्या बाईला आपल्या जात्याचा स्वभाव माहीत असे. टाकी कधी लावायची, पीठ कधी भरड येते, सारे तिच्या हातात होते. मग गावात गिरणी आली. मनगटांचे कष्ट वाचले. गिरणीवाल्याने दगड नीट केला की साऱ्या गावाचे पीठ सुधारते. पण त्याने न सांगता दगड बदलला, तर साऱ्या गावाच्या भाकरीवर परिणाम होतो. एखाद्या घरची भाकरी थापताना तुटू लागते आणि ती बिचारी बाई आपल्याच हाताला दोष देत बसते.

मराठी टंकलेखनाचा इतिहासही जात्याकडून गिरणीकडे जाण्याचाच आहे. १९९०च्या दशकात छापखान्यातून जो संगणक आला, त्यावर प्रत्येक कंपनीच्या टंकाची अंतर्गत मांडणी निराळी असे. एका छापखान्यातली कविता दुसऱ्याकडे उघडली की भलतीच चिन्हे दिसत. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे भारतीय मानक १९९१ मध्ये आले. जागतिक 'युनिकोड'ने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरूनच घेतली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने तयार केलेले 'लोहित' टंक रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये सर्वांना मुक्तपणे वापरायला खुले केले. अशी एकेक वस्तू सामायिक होत गेली, म्हणून आज कोरेगावात लिहिलेला मजकूर कॅलिफोर्नियातल्या मराठी घरात तसाच उघडतो.

या साखळीतल्या एका कडीचे नाव ऐकून मला आनंद झाला. पडद्यावर जोडाक्षर कसे दिसावे हे ठरवणाऱ्या, जगात फार मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचे नाव आहे 'हार्फबझ'. फारसीतले 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडे. 'ओपनटाइप' या टंकप्रकाराच्या नावाचे ते फारसी रूप. बेहदाद एस्फाहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने ती घडवली. अँड्रॉइड फोन, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस ही सगळी मंडळी आपली अक्षरे या एकाच गिरणीतून दळून घेतात. माझी कविता तुम्ही फोनवर वाचता तेव्हा मध्ये एक हर्फ जाणणारा बसलेला आहे, हे मला ठाऊकच नव्हते.

पण चूक या हार्फबझची नव्हती. ती आणखी एका लहान लायब्ररीत होती.

चंद्रकोरीचा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्याच्यासाठी स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्या जुन्या रीतीत साधा र, त्याला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असते. या चिन्हाला रुंदी नाही, ते डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त यंत्राला सांगते, की इथे रफार करू नकोस. माझ्या कळफलकावर ही दुसरी रीत होती. भाचीच्या कंपनीने मजकूर स्वच्छ करण्यासाठी कोणा परदेशी गृहस्थाची लहानशी लायब्ररी घेतली होती. जादा मोकळ्या जागा काढणे, दुहेरी अवतरणचिन्हे नीट करणे असले तिचे काम. त्या गृहस्थाने एके दिवशी सुधारणा केली. लोक फसवणुकीसाठी अदृश्य चिन्हे वापरतात, शोध घेताना त्यांचा अडथळा होतो, म्हणून त्याने सर्व अदृश्य चिन्हे काढून टाकली. हेतू चांगला होता. त्याला मराठी येत नव्हते एवढेच. जोडचिन्ह गेले, र उडून डोक्यावर बसला आणि माझ्या डोंगरात समुद्र आला. ज्या कवींचा कळफलक पहिल्या रीतीचा होता, त्यांच्या कविता मात्र सुखरूप राहिल्या. त्यामुळे कंपनीतल्या कोणाला आधी खरेही वाटेना.

"पण ती सुधारणा तुमच्या ॲपमध्ये शिरली कशी? तुम्ही तर हात लावला नव्हता." मी विचारले. इथे खरा विषय सुरू होतो.

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये दहा-वीस जण एकाच वेळी काम करतात. प्रत्येकाचा तुकडा आपापल्या संगणकावर चालतो. महिन्याच्या शेवटी सगळे तुकडे एकत्र केले की भांडण सुरू. यावर उपाय निघाला, की तुकडे शेवटी न जोडता रोज, दिवसातून अनेकदा जोडायचे. याला 'कंटिन्युअस इंटिग्रेशन' म्हणतात. आपण 'सतत जुळणी' म्हणू. १९९०च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक आदींनी ही शिस्त सांगितली, २०००च्या सुमारास मार्टिन फाउलर यांच्या लेखाने ती सर्वदूर पोचली. आता कोणी एक ओळ बदलली तरी दूरचे एक यंत्र सगळा प्रोग्रॅम नव्याने बांधते आणि ठरलेल्या चाचण्या घेते. उत्तीर्ण झाला तर हिरवा दिवा, नापास झाला तर लाल.

यातली महत्त्वाची अट म्हणजे हे यंत्र दर वेळी रिकाम्या खोलीत काम सुरू करते. भाचीला मी म्हटले, "म्हणजे लग्नाच्या आचाऱ्यासारखे!" आचारी घरच्या स्वयंपाकघरात करून पाहतो तेव्हा फडताळात हिंग असतोच, म्हणून यादीत लिहायचा राहून जातो. कार्यालयाच्या रिकाम्या मुदपाकखान्यात चूल पेटली की कळते, हिंग नाही. प्रोग्रॅमरांचेही तसेच. "माझ्या संगणकावर तर चालते" हे त्यांचे नेहमीचे वाक्य. चालते, कारण सहा महिन्यांपूर्वी तिथे एक लायब्ररी बसवलेली असते आणि तिची नोंद कुठेच नसते. रिकाम्या खोलीतले यंत्र ही लबाडी चालू देत नाही. यादीत जे आहे तेवढेच ते आणते आणि त्यावरच रांधते.

मग यादी कशी लिहायची? 'तांदूळ आणा' एवढे लिहिले तर दुकानदार आंबेमोहोर देईल किंवा कोलमही देईल. लायब्ररीच्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो, बहुधा तीन आकड्यांचा. पहिला आकडा वाढला तर समजावे, जुन्या सवयी मोडणार. दुसरा वाढला तर नवी सोय आली. तिसरा वाढला तर किरकोळ दुरुस्ती. भाचीच्या यादीत लिहिले होते, 'पहिला आकडा दोन असलेली, मिळेल ती सर्वांत नवी.' परदेशी गृहस्थाने अदृश्य चिन्हांची सुधारणा तिसरा आकडा वाढवून दिली. त्याच्या लेखी ती किरकोळ होती. रात्री यंत्राने रिकाम्या खोलीत यादी वाचली, नवी आवृत्ती आणली, प्रोग्रॅम बांधला, चाचण्या घेतल्या. हिरवा दिवा. आकडे म्हणजे करणाऱ्याने दिलेला शब्द असतो, पुरावा नसतो.

दिवा हिरवा का लागला? कारण चाचणीत 'राम', 'कमल', 'नमस्कार' असे शब्द होते. चंद्रकोरीच्या र चा एकही शब्द नव्हता. ज्याची परीक्षाच घेतली नाही, त्यात नापास कोण होणार?

यावर पहिला उपाय कुलूप. यादीशेजारी दुसरी एक फाईल ठेवतात, तिला 'लॉकफाईल' म्हणतात. तिच्यात प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती, तिने आणखी कोणाकोणाचा आधार घेतला आहे ती नावे आणि तिच्या अंगठ्याचा ठसा म्हणता येईल असा एक लांबलचक आकडा नोंदवलेला असतो. एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. मग काल बांधले तेच आज बांधले जाते.

दुसरा उपाय आपली कोठी. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरचा नावाच्या वादावरून 'एनपीएम' या सार्वजनिक भांडाराशी खटका उडाला. त्याने आपल्या सगळ्या लायब्रऱ्या तिथून काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाची एक होती. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणे एवढेच तिचे काम, ओळी जेमतेम अकरा. पण तिच्यावर टेकलेल्या, आणि त्यांच्यावर पुन्हा टेकलेल्या अशा असंख्य प्रकल्पांचे लाल दिवे जगभर लागले. काही तासांत भांडाराने ती परत आणली. लग्नघरात मोहरी संपली आणि पंगत थांबली, असा तो प्रकार. म्हणून जाणत्या कंपन्या लागणाऱ्या आवृत्त्यांची प्रत आपल्याच कोठीत ठेवतात.

मी म्हटले, "मग कुलूप लावा आणि विसरून जा." ती म्हणाली, "मामू, तेही चालत नाही." जुने पीठ डब्यात ठेवले की किडे होतात. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत एक भयंकर छिद्र सापडले. कोणीही बाहेरचा त्यातून आत शिरू शकत होता. दुरुस्त आवृत्ती लवकर आली. पण कित्येक ठिकाणी ही लायब्ररी आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हते, कारण ती दुसऱ्या लायब्ररीच्या पोटात होती. तेव्हापासून सॉफ्टवेअरच्या संपूर्ण सामग्रीची यादी ठेवण्याचा आग्रह वाढला. औषधाच्या बाटलीवर घटक लिहितात तशी. भारतात 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या.

म्हणून कुलूप लावायचे आणि ठरलेल्या वारी आपणच किल्ली घेऊन उघडायचे. एका वेळी एकच लायब्ररी पुढच्या आवृत्तीवर न्यायची, चाचण्या घ्यायच्या, बिघडले तर कोणामुळे हे लगेच कळते. वीस एकदम बदलल्या तर भाजी कशाने खारट झाली, हे सांगणार कोण? लायब्ररी आपल्याच कंपनीची असेल आणि पाच ॲप ती वापरत असतील, तर तिच्यात बदल करताना पाचही ॲपच्या चाचण्या आधी चालवायच्या. गिरणीवाल्याने दगड बदलला की पहिले पीठ पाच घरी देऊन भाकरी करून पाहावी, मगच गावाचे दळण घ्यावे. एखाद्या घराला जुन्याच दगडाचे पीठ हवे असेल तर काही काळ दोन्ही दगड चालू ठेवावेत. संगणकात जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवण्याची सोय असते.

एवढे सगळे केले तरी माणूस लागतोच. 'एक्सझेड' नावाची फाईल दाबून लहान करणारी लायब्ररी जगातल्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर असते. तिची देखभाल अनेक वर्षे मुख्यतः एकच स्वयंसेवक करत होता. 'जिया तान' हे नाव घेतलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. त्याचा काही भाग लपवला होता चाचणीच्या फायलींतच! सगळे दिवे हिरवे होते. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की दूरच्या यंत्रात प्रवेश करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. त्याने पाठ सोडली नाही. २९ मार्च २०२४ रोजी त्याने ही गोष्ट जाहीर केली आणि मोठे संकट टळले. ज्याच्यावर सारे गाव टेकते, त्या गिरणीवाल्याची चौकशी गाव करत नाही, तेव्हा हे असे होते.

आता माझ्या कवितेचे काय झाले ते सांगतो. भाचीने आधी जुन्या आवृत्तीला कुलूप लावले. ॲप त्या संध्याकाळी नीट झाले. पण ती तिथे थांबली नाही. तिने मला कागद दिला आणि म्हणाली, "या र चे शब्द लिहून द्या. एका अक्षराने अर्थ फिरेल असे आधी." मी चहा होईपर्यंत लिहिले. दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना, वऱ्हाड, तऱ्हा, गुऱ्हाळ, कोऱ्या कागदावर. तिने ते दोन्ही रीतींनी लिहून चाचणीत घातले. मुद्दाम नवी आवृत्ती लावून पाहिली. लाल दिवा लागला. ती खूश झाली. चूक असताना लाल दिवा लागणे हीच चाचणीची पावती. मग तिने त्या परदेशी गृहस्थाला सविस्तर लिहिले आणि शब्दही पाठवले. त्याने चूक मानली, दुरुस्ती केली, आणि आमचे शब्द आपल्या चाचणीत सामील करून घेतले.

हार्फबझच्या लोकांनीही असेच केले होते, हे मला नंतर कळले. २०१२च्या सुमारास भारतीय लिप्यांचे काम नव्याने केले तेव्हा त्यांनी विकिपीडियावरून शब्द गोळा केले. देवनागरीचेच सात लाखांहून अधिक शब्द यंत्राकडून काढून घेतले आणि विंडोजमधल्या अक्षरजुळणीशी ते ताडून पाहिले. शंभराहून कमी शब्दांत फरक उरला. त्यांच्या चाचणीसंचात पापणीच्या र साठी वेगळी फाईल आहे. कोणीतरी ती आठवणीने घातली, म्हणून आज तुमच्या फोनवर सातारा 'साताऱ्या'सारखा दिसतो.

मला यातून एक गोष्ट उमगली. दुसऱ्याच्या कामावर टेकण्यात कमीपणा नाही. भाषासुद्धा आपण कोणीच एकट्याने केलेली नाही. पण कशावर टेकलो आहोत याची यादी हवी, ती रोज तपासायला हवी, आणि आपल्या भाषेचे कंगोरे त्या तपासणीत आपणच घालायला हवेत. दूर देशातला प्रोग्रॅमर शत्रू नसतो. त्याला फक्त ठाऊक नसते. मोबाईलवर एखादे मराठी अक्षर मोडलेले दिसले, तर हळहळून पुढे जाऊ नका. शब्द, फोनचा प्रकार आणि पडद्याचे छायाचित्र एवढे त्या ॲपवाल्यांना कळवा.

माझे कवितासंग्रह किती जण वाचतात, ते मला विचारू नका. पण 'दऱ्या' हा माझा एक शब्द, ती लायब्ररी कोणी बदलली की दर वेळी वाचला जातो. वाचणारे यंत्र आहे, एवढेच.